दोरी बांधण्यापूर्वी

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी बजावले होते, “डॉक्टर, आजारांविषयी नको. ते आम्ही रोज ऐकतोच. काहीतरी वेगळे लिहा.” आज्ञा शिरसावंद्य मानून मी या वेळी मोटारीविषयी लिहावयास बसलो आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, यंत्रज्ञ नव्हे. तेव्हा बॉनेटखालचे माझे ज्ञान एखाद्या चिकित्सक रुग्णाला वैद्यकाचे असते तेवढेच आहे, हे आरंभीच कबूल करतो. शिवाय लेख संपेपर्यंत मी संपादकांची अट मोडणार आहे. त्याबद्दल आगाऊ क्षमा मागतो.

विषय साधा आहे : बंद पडलेली किंवा बंद ठेवलेली मोटार तिच्या चारही चाकांवर दुसऱ्या वाहनामागे बांधून ओढत न्यावी की नाही?

पद्मिनीची वरात

या प्रश्नाचे उत्तर मला अनेक वर्षे ठाऊक आहे असे मी समजत होतो. १९९८ साली बेळगावात व्यवसाय सुरू केला तेव्हा मी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. निपाणी, संकेश्वर, चिकोडी या भागांतून पेशंट येत आणि महिन्यातून एक-दोनदा मलाही तिकडे जावे लागे. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आजच्यासारखा प्रशस्त नव्हता. निपाणीच्या दक्षिणेचा स्तवनिधी घाट, ज्याला आपण तवंदी घाट म्हणतो, तो चढताना पद्मिनीला दम लागत असे. एका उन्हाळ्यात तिने घाटाच्या पायथ्याशीच मान टाकली. तंबाखूच्या बोदांनी भरलेल्या ट्रॅक्टरवाल्याने काही न विचारता काथ्याची दोरी काढली, पुढच्या हुकात अडकवली आणि माझी वरात निपाणीच्या गॅरेजपर्यंत नेली. मी गिअर न्यूट्रल करून, स्टिअरिंग धरून, पायाखालचा ब्रेक सांभाळीत मागे बसलो होतो. दोरी सैल पडली की गाडी पुढे धावे आणि ताणली की हिसका बसे. त्या हिसक्यांखेरीज गाडीला काही झाले नाही.

असे ओढून नेण्याला आपल्याकडे कायदाही आहे, हे मला फार पुढे कळले. १९८९ सालच्या रस्ता-नियमांत ओढण्याचा वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, दोन वाहनांमधील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, मागच्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला असावा आणि तिच्या पाठीवर ‘ऑन टो’ अशी ठळक अक्षरांची पाटी असावी, असे सांगितले होते. पुढे २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली. पाटी लावून ओढली जाणारी गाडी आपल्या महामार्गावर मी मात्र आजवर पाहिलेली नाही.

पद्मिनीला अपाय का झाला नाही, याचे कारण सोपे आहे. हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत न्यूट्रल म्हणजे खरोखरीचा विरह असतो. चाके फिरली तरी ती इंजिनाला फिरवीत नाहीत. गिअरपेटीतला थोडा भाग फिरतो, पण फिरणारी दातेरी चाके तळाशी साचलेले वंगण स्वतःच अंगावर उडवून घेतात. बेताच्या वेगाने, थोड्या अंतरासाठी तेवढे पुरते. या एका अनुभवावर, ‘न्यूट्रल केले की कोणतीही गाडी ओढता येते’ असा सिद्धांत मी पंचवीस वर्षे उराशी बाळगला.

विंचवाचे बिऱ्हाड

तो सिद्धांत मोडला अमेरिकेत. वैद्यकीय महाविद्यालयातला माझा एक वर्गमित्र तिकडे भूलतज्ज्ञ म्हणून स्थायिक झाला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला. निवृत्तीनंतर पतिपत्नींनी मोटरहोम घेतले. आपल्याकडे सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन असते तसे ते चाकांवरचे घर : पलंग, ओटा, स्नानगृह, सारे आत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रांत अशा गाड्यांची छायाचित्रे झळकली होती. तरी आपल्या सीमाभागाला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. दरवर्षी गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांचा संसार ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत भरून येतो. त्यांत चूल असते, कोंबड्या असतात आणि पाळण्यातली लेकरेही असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. एक बिऱ्हाड हौसेचे आणि दुसरे पोटासाठीचे, एवढाच फरक.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हा मित्र एका विवंचनेत होता. मोटरहोम बससारखे लांबरुंद. मुक्कामी ते एकदा उभे केले, पाण्याची नळी आणि विजेची तार जोडली, की भाजी आणावयास ते हलवणे म्हणजे दूध आणण्यासाठी घर उचलून नेणे. म्हणून तिकडचे लोक मागे एक छोटी मोटार बांधून नेतात. मुक्कामी पोहोचले की ती सोडावयाची आणि गावात हिंडावयाचे. काही जण ती ट्रेलरवर चढवतात. पण ट्रेलर ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न येतो. त्यामुळे पुष्कळांना मोटार तिच्याच चारही चाकांवर ओढणे सोयीचे वाटते. त्यासाठी दोरी चालत नाही. मोटारीच्या सांगाड्याला पोलादी पट्टी बसवतात, तिला लोखंडी दांडा जोडतात, वर सुरक्षेच्या साखळ्या लावतात, मागच्या दिव्यांना तार देतात आणि पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्या गाडीचाही लागावा अशी स्वतंत्र योजना करतात.

मित्राने हा सारा सरंजाम आणवला होता. घरी उत्तम स्थितीतली हायब्रिड मोटार होती. तीच मागे बांधावी असा बेत. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झालेले, कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पुस्तक वाचलेस का?” मित्राने गाडीचे पुस्तक काढले. त्यात स्पष्ट छापले होते की ही गाडी चारही चाके जमिनीवर ठेवून मोटरहोममागे नेऊ नये.

माझा मित्र तीस वर्षे भूल देत आला. भूल देण्यापूर्वी कागद वाचल्याशिवाय सुईला हात न लावणारा माणूस. स्वतःच्या गाडीचे पुस्तक मात्र त्याने पहिल्यांदाच उघडले होते. मी त्याची यथेच्छ थट्टा केली. माझ्या गाडीचे पुस्तक तरी मी कोठे उघडले होते! पण ते मी त्याला सांगितले नाही.

तीन भागीदारांचा हिशेब

हायब्रीड म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना ज्वारी आठवते. मोटारीतला संकर पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांचा. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसपासून या गाड्यांचा मोठा प्रसार झाला. आता तर त्या आपल्या घरच्याच झाल्या आहेत. बेंगळुरूजवळच्या बिडदी येथील कारखान्यात २०१३ पासून कॅमरी हायब्रिडची जुळणी होऊ लागली. २०२२ मध्ये हायरायडर आणि ग्रँड विटारा आल्या आणि पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आली. बेळगावातल्या डॉक्टरांच्या पार्किंगमध्ये नजर टाकली तर त्यांतली एखादी हमखास दिसते.

या गाड्या ओढावयास का चालत नाहीत, हे समजून घेताना मला शरीरक्रियाशास्त्राचा धडा वाचल्याचा आनंद झाला. तो थोडक्यात सांगतो.

टोयोटाच्या पद्धतीत इंजिन, चाके आणि दोन विद्युत मोटरी यांची गाठ एका ग्रहमालेसारख्या गिअरमध्ये घातलेली असते. मध्ये सूर्यचक्र, भोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि त्यांना वेढणारे बाह्य कडे. सूर्यचक्राला पहिली मोटर जोडलेली असते. ती मुख्यतः जनित्राचे काम करते. ग्रहचक्रांच्या चौकटीला इंजिन जोडलेले असते. बाह्य कड्याला दुसरी मोटर आणि तिच्याबरोबर रस्त्यावरची चाके जोडलेली असतात. तिघांत क्लच नाही, की जोडणी तोडणारा खरा न्यूट्रलही नाही. तीन भागीदारांचा हा सामायिक हिशेब आहे. कोणत्याही दोघांचा वेग ठरला की तिसऱ्याचा आपोआप ठरतो आणि त्याला ‘मी नाही’ म्हणण्याची सोय नसते.

आता अशी गाडी बंद करून ओढावयास घ्या. इंजिन थांबलेले आहे, म्हणजे एका भागीदाराचा वेग शून्य. चाके रस्त्यावर फिरत आहेत, म्हणजे बाह्य कडे फिरलेच पाहिजे. मग उरलेल्या पहिल्या मोटरीला उलट दिशेने फिरणे भाग पडते. पहिल्या प्रियसमध्ये बाह्य कड्याला ७८ दाते आणि सूर्यचक्राला ३० दाते होते. म्हणजे कडे एकदा फिरले की मोटर २.६ वेळा उलट फिरणार. कड्याचे मिनिटाला २,००० फेरे झाले तर बिचारीचे ५,२०० फेरे. चालू गाडीतही ती अशी उलट फिरते. पण तेव्हा संगणक जागा असतो, थंड पाणी खेळत असते आणि फेरे मर्यादेपलीकडे जाण्यापूर्वी इंजिन सुरू करून तो तोल सावरतो. ओढल्या जाणाऱ्या गाडीत हे सारे निजलेले असते. गिअरपेटीला तेल पाजणारा पंप इंजिनाच्या दांड्यावर चालतो. इंजिन बंद, म्हणजे तोही बंद. मोटरींमध्ये कायमचे लोहचुंबक असतात. ते फिरले की वीज निर्माण होणारच, मग ती कोणाला हवी असो वा नसो. घर्षण वाढते, उष्णता वाढते आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र गाडी सुरळीत मागे येताना दिसते.

डॅशबोर्डवर उमटणारे ‘एन’ हे अक्षर या गाड्यांत मुख्यतः एवढेच सांगते की मोटरींना वीज द्यावयाचे थांबवले आहे. चाके आणि मोटरी यांची गाठ सुटलेली नसते.

सगळ्याच हायब्रिड गाड्यांची प्रकृती सारखी नसते, हेही नोंदवले पाहिजे. फोर्डच्या फ्यूजन हायब्रिडला तिच्या पुस्तकात, ठरावीक कृती पाळून, चारही चाकांवर ओढण्याची मुभा दिलेली होती. जीप रँग्लरसारख्या गाडीत चाकांकडे जाणारी जोडणीच वेगळी करता येते, म्हणून मोटरहोमवाल्यांत ती लोकप्रिय आहे. उलट, होंडाची सीआर-व्ही २०१४ पर्यंत ओढता येत असे, पण पुढच्याच वर्षी तिची गिअरपेटी बदलली आणि ती मुभा गेली. नाव तेच, आतले शरीर वेगळे. एका लेकराचा डोस दुसऱ्याला देऊ नये, हे आपण रोज सांगतोच.

माझ्या मित्राने शेवटी हायब्रिड घरी ठेवली आणि साध्या गिअरची एक जुनी छोटी मोटार शोधली. तिच्या पुस्तकाचे ओढण्याविषयीचे पान त्याने सौदा करण्यापूर्वी वाचले.

घाटातली रात्र

भारतात परत आल्यावर मी माझ्याही हायब्रिड गाडीचे पुस्तक वाचून काढले आणि विसरलो. जानेवारी २०२५ मध्ये त्याची आठवण झाली. निपाणीतली महिन्याची ओपीडी आटोपून रात्री नवाच्या सुमारास एकटाच परतत होतो. स्तवनिधी घाटाच्या अर्ध्या चढणीवर डॅशबोर्डवर इशारा उमटला : हायब्रिड यंत्रणेत बिघाड, सुरक्षित जागी थांबा. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि तिची शक्ती गेली. दिवे होते, पण चाल नव्हती.

मी त्रिकोण मांडून उभा राहतो न राहतो तोच खालून एक ट्रॅक्टर आला. निपाणीकडे ऊस उतरवून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन संकेश्वरकडे निघालेला. चालक साठीच्या घरातला. उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “आवं डॉक्टरसायेब, काळजी करू नगासा. दोर हाय माझ्याकडं. संकेश्वरपतूर वडत न्हेतो की!” माझ्या काचेवरचे डॉक्टरी चिन्ह त्याने पाहिले असावे. ट्रॉलीतून त्याने नायलॉनचा जाड दोर ओढून काढलासुद्धा.

थंडी होती, रात्र होती, महामार्गावरून ट्रक घोंघावत जात होते. समोर एक सज्जन माणूस, काही न मागता, मदतीला उभा होता. पंचवीस वर्षांपूर्वीची काथ्याची दोरी मला आठवली. ‘हो’ म्हणावे असेच सारे होते.

त्याच वेळी फोन वाजला. गडहिंग्लज भागातल्या एका छोट्या प्रसूतिगृहातून एक तरुण डॉक्टर बोलत होती. “सर, बत्तिसाव्या आठवड्यात डिलिव्हरी झाली आहे. बाळ चौदाशे ग्रॅमचे. श्वास ठीक आहे. ॲम्ब्युलन्स दारात उभी आहे. लगेच पाठवून देऊ का?”

आणि येथे मला संपादकांची अट मोडावी लागते.

१९९९

व्यवसाय सुरू करून मला जेमतेम वर्ष झाले होते. डिसेंबर महिना. सीमाभागातल्याच एका गावातून लँडलाइनवर फोन आला. बत्तीस आठवडे, चौदाशे ग्रॅम, श्वास ठीक. “काय करू?” मी म्हणालो, “आहे तसे निघा. वेळ घालवू नका.” मला तेव्हा अंतर हाच शत्रू वाटत होता. जेवढे लवकर माझ्या हातात येईल तेवढे बरे, असा माझा आत्मविश्वास.

ते निघाले. भाड्याची जीप, झोंबणारा वारा, खड्ड्यांचा रस्ता. दोन तासांहून अधिक वेळ लागला. बापाने काचा लावून घेतल्या होत्या, बाळाला टॉवेलात गुंडाळले होते, चालकाला घाई करण्यासाठी हात जोडले होते. जे जे त्याला सांगितले गेले, ते ते त्याने केले. माझ्या टेबलावर बाळ आले तेव्हा त्याचे तापमान तेहतीस अंश होते आणि रक्तातली साखर जवळजवळ सापडतच नव्हती. बाहेरून ते शांत झोपलेले दिसत होते. आम्ही ऊब दिली, साखर दिली, पुढचे सारे केले. तिसऱ्या दिवशी फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि ते गेले.

बाळाला घेऊन जाताना बापाने विचारले, “डॉक्टर, आम्हाला उशीर झाला का?”

मी म्हणालो, “नाही.” ते खरेच होते. त्यांना उशीर झाला नव्हता. मी त्यांना घाई केली होती. हे दुसरे वाक्य मी त्या दिवशी उच्चारले नाही आणि त्यानंतर ते ऐकावयास तो माणूस मला कधी भेटला नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाला हे शास्त्र पाठ आहे. नवजात बाळाचे तापमान साडेछत्तीस अंशांखाली गेले की ते ऊब टिकविण्यासाठी साखर आणि प्राणवायू जाळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे दोन्हींचा साठा तुटपुंजा. प्रवासात बाळ हलत नाही, रडत नाही, म्हणून ते ठीक आहे असे वाटते. पण आत चक्रे फिरत असतात आणि त्यांना वंगण मिळत नसते. आधी स्थिर करा आणि मग हलवा, हे पुस्तकात तेव्हाही छापलेले होते. मी ते परीक्षेसाठी वाचले होते.

दोन उत्तरे

घाटात उभा राहून मी त्या तरुण डॉक्टरला म्हणालो, “आत्ता पाठवू नकोस. आधी तापमान सांग.” पस्तीसच्या आसपास होते. “बाळाला आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेव. डोक्यावर टोपी, पायात मोजे, वरून दोघांवर पांघरूण. साखर तपास. मग पुन्हा फोन कर.” साखर कमी निघाली, शिरेतून देण्यात आली. अर्ध्या-पाऊण तासाने तिचा पुन्हा फोन आला : तापमान साडेछत्तीस, साखर सुधारली, आई प्रवासाला तयार. “आता निघा,” मी म्हणालो, “आणि बाळ आईच्या छातीवरून काढू नका.”

कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९ च्या सुमारास डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी इनक्युबेटरच्या टंचाईतून ही कांगारू पद्धत सुरू केली. टंचाई आपल्याकडेही कमी नव्हती. ऊब द्यावयास आईपेक्षा स्वस्त आणि विश्वासू यंत्र नाही. कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. गाडी पूर्वीपेक्षा लवकर येते. म्हणूनच ती दारात उभी असताना तिला थोडे थांबवणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

या पाऊण तासात ट्रॅक्टरवाले दोर हातात घेऊन तसेच थांबले होते. मी त्यांना म्हणालो, “मामा, ही गाडी ओढायची नाही. हिची चाके आणि आतले यंत्र सुटे होत नाही. बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय ओढली तर धडधाकट आहे तेही जाईल.” काही हायब्रिड गाड्यांच्या पुस्तकांत अगदी निकडीच्या वेळी, अगदी सावकाश, थोड्या अंतरासाठी ओढण्यास सवलत असते. पण बिघाड यंत्रणेतच असल्याची शंका असेल तर नाही, हे मला आठवत होते. आणि अर्धा घाट चढून पुढे संकेश्वर, म्हणजे काही थोडे अंतर नव्हे.

त्यांनी क्षणभर गाडीकडे पाहिले. “म्हंजी म्हशीगत हाय,” ते म्हणाले. “बसली तर कासरा वडून उपेग न्हाई. काय झालंय ते बघाय पायजे.” माझ्या पानभर स्पष्टीकरणापेक्षा हे नेमके होते. त्यांनी चाकांमागे दगड लावले, मागे झाडाची डहाळी ठेवली आणि कोल्हापूरकडून आलेल्या बसला हात करून मला तीत बसवून दिले. दोर वापरला नाही म्हणून त्यांचा मान गेला नाही. मदतीला आलेल्या माणसाला ‘नको’ म्हणताना आपल्याला जो संकोच वाटतो, तो बहुतेक वेळा आपलाच असतो.

मी रुग्णालयात पोहोचलो, त्यानंतर काही वेळाने बाळ आले. छत्तीस अंश सहा. पुढे तीन आठवड्यांनी ते घरी गेले. ते सारेच त्या पाऊण तासामुळे झाले, असे मी म्हणणार नाही. आमच्या परिचारिकांचे श्रम त्यात आहेत आणि थोडे दैवही आहे. पण दारातून आत आले तेव्हा ते उबदार होते, एवढे मी पाहिले.

गाडी दुसऱ्या दिवशी सपाट पाठीच्या वाहनावर, चारही चाके जमिनीपासून वर उचलून, बेळगावला आणवली. दोष काय निघाला? उसाच्या हंगामात उंदीर घराकडे सरकतात. त्यांतल्या एकाने बॉनेटखालची बोटाएवढी वायर कुरतडली होती. दुरुस्ती काही तासांची. मिस्त्री म्हणाला, “सर, ओढून आणली असती तर या वायरीचं बिल गिअरपेटीवर गेलं असतं.”

काही व्यावहारिक सूचना

हायब्रिड किंवा विजेवर चालणारी गाडी बाळगणाऱ्या मित्रांसाठी थोडे सांगतो.

गाडी बंद पडली तर शक्य तेवढी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण ठेवा आणि स्वतः कठड्यापलीकडे उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. विमा कंपनीच्या किंवा उत्पादकाच्या मदतसेवेला फोन करताना पहिल्याच वाक्यात ‘गाडी हायब्रिड आहे, सपाट पाठीचे वाहन पाठवा’ असे सांगा. न सांगितल्यास आकडा लावून एक बाजू उचलणारे वाहन येईल. ते कोणत्या चाकांना उचलते यावर सारे अवलंबून असते. ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे ती रस्त्यावर फिरत राहता कामा नयेत. वाहनावर चढवण्यापुरते चार हात सरकवणे वेगळे आणि दोर बांधून गावापर्यंत नेणे वेगळे. लहान बारा व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तो रोग नव्हे, उपास आहे आणि त्यावर ओढणे हा उपाय नव्हे. नारिंगी रंगाच्या जाड तारांना मात्र हात लावू नका. त्यांतून जाणारा दाब जीव घेणारा असतो.

आणि आज घरी गेल्यावर गाडीच्या खणातले पुस्तक काढून ‘ओढणे’ या मथळ्याचे पान वाचा. पाच मिनिटे लागतील. आमच्या रुग्णालयात मीही एक पान लावले आहे, फोनच्या शेजारी. बाळाला पाठवण्याविषयी विचारणारा फोन आला की उचलणाऱ्याने प्रथम काय विचारावयाचे ते त्यावर लिहिले आहे. पहिली ओळ तापमानाची आहे, दुसरी साखरेची. ‘कधी निघणार?’ हा प्रश्न सर्वांत खाली आहे. ते पान लावावयास मला पंचवीस वर्षे लागली.